सक्तू, मीठ आणि तिखट : चूर्णे सुटी ठेवण्याच्या उपायांचा इतिहास

केळना नदीच्या काठचे भोकरदन म्हणजेच सातवाहनकालीन भोगवर्धन, ही गोष्ट आता अभ्यासकांत सर्वमान्य झाली आहे. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनाच्या दात्यांची नावे आहेत. मार्कंडेय पुराणातील दक्षिणेकडील जनांच्या यादीतही हे नाव येते. १९७३ साली नागपूर विद्यापीठ व तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ यांनी शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले. त्या वेळी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते; जालना जिल्हा १९८१ साली झाला. उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि पाँपेईच्या अवशेषांत सापडलेली तशीच मूर्ती यांच्या साम्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या मूर्तीहून फारच सामान्य आहे. दळलेले, कुटलेले किंवा वाटून वाळविलेले अन्न गुठळी न होता सुटे कसे ठेवावे, हा प्रश्न या प्रदेशाने वेळोवेळी कसा सोडविला आणि तो सोडविण्यासाठी अन्नात काही परके द्रव्य घालण्याची गरज केव्हा व का उत्पन्न झाली, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या प्रश्नाचे उत्तर उत्खननातून मिळण्यासारखे नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. हस्तिदंत टिकतो, मणी टिकतात, जळून कोळसा झालेले धान्यही टिकते. मीठ मात्र पहिल्याच पावसात मातीत जिरून जाते, आणि पिठाची तर खूणही राहत नाही. चूर्णाचा इतिहास लिहिणाऱ्यास म्हणून दगडी जात्यांवरून, शब्दांवरून, वैद्यकाच्या ग्रंथांवरून आणि कायद्याच्या कलमांवरून अनुमान करीत जावे लागते. त्यांपैकी शब्दाचा पुरावा सर्वांत जुना आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एका प्रसिद्ध ऋचेत सक्तू चाळणीने चाळण्याचा दृष्टान्त आहे. त्या ऋचेचे विवरण करताना यास्काचार्यांनी निरुक्तात सक्तू या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती दिल्या आहेत. पहिली सच् या धातूपासून. सच् म्हणजे चिकटून असणे; सक्तू निवडून स्वच्छ करणे कठीण, म्हणून त्यास हे नाव. दुसरी व्युत्पत्ती कस् या धातूची अक्षरे उलटी करून साधलेली आहे, कारण सक्तू हा विकसित म्हणजे फुललेला, मोकळा असतो. पतंजलींनीही महाभाष्याच्या पस्पशाह्निकात हेच विवेचन स्वीकारले आहे. आजचा भाषाशास्त्रज्ञ यांतील दुसरी व्युत्पत्ती मान्य करणार नाही. तथापि आपल्या दृष्टीने या दोन्ही एकत्र येणे फार उद्बोधक आहे. एकाच पदार्थाचा स्वभाव चिकटण्याचाही आहे आणि मोकळे होण्याचाही आहे, हे ज्यांनी रोज सातूचे पीठ चाळले त्यांना ठाऊक होते, आणि व्याकरणकारांनी तो अनुभव तेवढा धातूंत बसविला.

सक्तू मोकळा राहतो तो भाजल्यामुळे. धान्य भाजले की त्यातील पाणी निघून जाते, आणि पिठाचे कण एकमेकांस धरून ठेवण्यास लागणारा ओलावाच उरत नाही. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचे पीठ ही आपल्याकडील टिकाऊ पिठे सारी भाजलेल्या धान्याची आहेत, हा केवळ चवीचा योगायोग नव्हे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील कामांवर सुकडी वाटली गेली. तीही भाजलेल्या धान्याचीच. मुख्य उपाय विस्तवाचा होता. वेगळे गुठळीरोधक द्रव्य त्यात कोणी घातले नाही.

भाजता न येणाऱ्या पदार्थांसाठी दुसरी युक्ती होती, आणि दख्खनच्या स्वयंपाकघराचा निम्मा इतिहास तीत आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ती युक्ती म्हणजे पदार्थाचे चूर्णच न करणे. हळकुंड, सुंठ, मिरे, पिंपळी, खडीसाखर, गुळाची ढेप, खडे मीठ, हिंगाचा खडा ही सारी नावे पाहावीत. माल खड्याच्या रूपाने येई, खड्याच्या रूपाने राही, आणि लागेल तेव्हा पाट्यावर किंवा खलबत्त्यात जाई. खड्याचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने फार थोडा असतो, त्यामुळे हवेतील ओल त्याला थोडीच लागते. तोच खडा कुटला की पृष्ठभाग शेकडो पटींनी वाढतो. शार्ङ्गधराने आपल्या संहितेत औषधांच्या वीर्याची मुदत सांगितली आहे, ती या संदर्भात पाहण्यासारखी आहे. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटिका व लेह मात्र वर्षभर टिकतात, असे तो म्हणतो. तेच द्रव्य गोळीत बांधले की वर्ष, आणि भुकटी केली की दोन महिने. वैद्याच्या या हिशेबात गृहिणीचा हिशेब आधीच येऊन जातो.

लोणार येथील क्षारांची नावेही याच विचाराची आहेत. लोणारचे सरोवर भोकरदनपासून फार दूर नाही, आणि तेथील क्षार काच व साबण यांसाठी मोगल काळापासून प्रसिद्ध होता. त्याचे प्रकार व्यापारात दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा नावांनी ओळखले जात. घट्ट, पापुद्र्याचा, भुसभुशीत असा आकारांतला भेद या शब्दांतूनच सुचतो.

आता मिठाकडे वळू. चूर्णांच्या गुठळीचा खरा इतिहास मिठाचाच आहे. भोकरदनच्या परिसरात मीठ पिकत नाही. ते कोकणातून घाट चढून येई किंवा गुजरातेतून. कोकणच्या मिठाचे आर्थिक महत्त्व किती होते हे शिवाजी महाराजांच्या १६७१ च्या पत्रावरून दिसते. कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस लिहिलेल्या त्या पत्रात बारदेशाच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा आहे, कारण ते मीठ स्वस्त पडले तर व्यापारी तिकडे वळतील व स्वराज्यातील मीठ पडून राहील. हा माल वर आणणारे मुख्यतः लमाण. लमाण हे नाव लवण शब्दावरून आले अशी व्युत्पत्ती सांगतात. बैलाच्या पाठीवर दोहो अंगांस गोण्या टाकून हे तांडे धान्य खाली नेत आणि मीठ वर आणीत. १८०३ च्या सप्टेंबरात शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा भोकरदन–जाफराबादच्या टापूत उतरल्या होत्या आणि २३ तारखेस जवळच आसई येथे त्यांची वेलस्लीशी लढाई झाली. त्या मोहिमेत फौजांचा दाणागोटा पुष्कळसा लमाणांच्या तांड्यांवर अवलंबून होता. सप्टेंबर म्हणजे पावसाळ्याचा शेवट. अशा दिवसांत गोणीतल्या मिठाची काय अवस्था होत असेल, याचा विचार युद्धाच्या इतिहासकारांनी केलेला नाही, आणि त्यांना दोष देण्याचे कारणही नाही.

मिठाला पाणी सुटते आणि मग त्याचा दगड होतो, हे आपण पाहतो. त्याचे कारण असे. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली म्हणजे हवेतील पाणी ओढून घेऊ लागते. श्रावणातल्या सकाळी मराठवाड्याची हवा ही मर्यादा सहज ओलांडते. स्फटिकाच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर चढतो, दोन स्फटिक टेकतात तेथे तो साचतो, आणि दुपारी ऊन पडून हवा कोरडी झाली की त्या सांध्यातील मीठ पुन्हा घट्ट होऊन पूल बांधते. रोज एक पूल, याप्रमाणे भाद्रपदापर्यंत बरणीतील मीठ एकसंध होते. गुठळी पाण्याने होत नाही. पाणी आल्याने आणि गेल्याने होते. सदैव ओले असलेले मीठ चिखल होईल, दगड होणार नाही.

समुद्राच्या मिठात आणखी एक अडचण असते. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड राहते, आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेपासूनच पाणी ओढू लागते. आगरातून नुकतेच काढलेले मीठ म्हणून अधिक पाझरते. रास घालून गवताने शाकारून ठेवलेल्या मिठातून हे मॅग्नेशियम हळूहळू निथळून जाते आणि मागे राहिलेले मीठ अधिक कोरडे व सुटे असते. यात कोणतेही द्रव्य मिसळलेले नाही. नको असलेला क्षार काढून टाकणे, हाच मिठाच्या बाबतीतला पहिला गुठळीरोधक उपाय होय.

घरगुती उपायांविषयी आपल्याकडे बराच भाबडेपणा आहे. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात. तांदूळ ओल शोषतो हे खरे, पण उघड्या बरणीत मूठभर दाणे फार थोड्या दिवसांत हवेइतकेच ओले होतात. त्यानंतर त्यांचा उपयोग बरणी हलविताना गुठळ्या फोडण्यापुरता. दाणे भाजून घातले आणि मधूनमधून बदलले तर गोष्ट वेगळी. तिखटाच्या किंवा काळ्या मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे घालतात. त्यांचे श्रेय कित्येकदा मसाला सुटा राहण्याला दिले जाते. वस्तुतः हिंग हा राळेसारखा पदार्थ. तो ओल फारशी घेत नाही. त्याचे काम किडीला दूर ठेवण्याचे व वासाचे. बाजारातील बांधानी हिंगात डिंक आणि पीठ असते, त्यामुळे तो स्वतःच थोडा ओलसर होण्याचा संभव अधिक.

तिखटाला तेलाचा हात लावण्याची चाल मात्र खऱ्या अर्थाने गुठळीरोधक आहे. मिरच्या कडक उन्हात वाळवून, देठ काढून, थोड्या तेलात परतून किंवा तेलाचा हात लावून कुटल्या म्हणजे खकाणा कमी उडतो, रंग टिकतो, आणि प्रत्येक कणावर स्नेहाचे पातळ आवरण बसून ओल आत शिरत नाही. मराठवाड्यात हे तेल बहुधा करडईचे असे. येथेही प्रमाण सुटले की उलटा परिणाम होतो. तेल जास्त झालेले तिखट तेलानेच गोळा होते, हे कुटणाऱ्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. मिरची स्वतः या देशात पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तेव्हा ही चाल भोगवर्धनाइतकी जुनी असणे शक्य नाही. तरी परक्या पदार्थाला आपल्या पद्धतीत बसविताना काय केले गेले, याचा हा चांगला नमुना आहे.

येथवरच्या सर्व उपायांत एक गोष्ट समान आहे. कुटणारा हात आणि खाणारे तोंड एकाच घरातले होते. चूर्णाला आठ दिवस, फार तर पावसाळा काढावयाचा होता. कुटणे आणि खाणे यांमध्ये कारखाना, गोदाम, रेल्वे आणि दुकान आले तेव्हा परिस्थिती बदलली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, नांदेड असा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. लमाणांचे तांडे त्याआधीच ओसरू लागले होते. मात्र आगगाडीतून येणारे मीठही खडेच होते. बारीक, सुटे, पुड्यातून ओतता येणारे मीठ ही वेगळीच वस्तू होती, आणि ती परदेशात निर्माण झाली.

इंग्लंडात न्यूकॅसल येथील जॉर्ज वेडेल या रसायनज्ञाने १८९४ च्या सुमारास मिठात कॅल्शियम फॉस्फेट मिसळले. मुलीची हाडे बळकट व्हावीत हा त्याचा हेतू होता, असे सांगतात. मीठ ओले होत नाही हा गुण त्यास अनायासे मिळाला, आणि 'सेरेबॉस' या नावाने ते मीठ इंग्रजी साम्राज्यभर गेले. अमेरिकेत मॉर्टन कंपनीने १९११ साली मॅग्नेशियम कार्बोनेट वापरून पावसाळी हवेतही सुटे राहणारे मीठ काढले आणि पुढे त्याच गुणाची जाहिरात केली. हे बारीक पांढरे चूर्ण स्फटिकांच्या मध्ये बसते, थोडी ओल स्वतः घेते, आणि मुख्यतः दोन स्फटिकांना एकमेकांस टेकू देत नाही. मेतकुटाच्या भाजणीशी किंवा तिखटाच्या तेलाशी याचे नाते आहेच, परंतु फरकही मोठा आहे. तेल हे अन्न आहे. कार्बोनेट कोणी भूक लागली म्हणून खात नाही.

आपल्या देशात या प्रश्नाला निराळे गांभीर्य आले ते आयोडीनमुळे. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून वुलिमिरी रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड हटतो हे सिद्ध केले, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. कारखान्यातून निघताना मिठात दर दहा लक्ष भागांत ३० भाग आणि ग्राहकाच्या हाती पडताना १५ भाग आयोडीन असावे, असा मान ठरला. एवढे अल्प द्रव्य सर्व मिठात सारखे पसरावयाचे तर मीठ बारीक व सुटे हवे. ओल्या पोत्यात आयोडीन पाण्याबरोबर खाली उतरते. वरचे मीठ रिते आणि खालचे अधिक भरलेले होते. १९८३ साली टाटांच्या मिठापूरच्या कारखान्याचे, निर्वात बाष्पीभवनाने केलेले मीठ पुड्यातून विकले जाऊ लागले, आणि मे २००६ पासून प्रत्यक्ष खाण्यासाठी आयोडीनरहित मिठाची विक्री पुन्हा बंद झाली. अशा रीतीने गुठळी न होणे हा सोयीचा प्रश्न न राहता बालकांच्या बुद्धीचा व मातांच्या प्रकृतीचा प्रश्न झाला. खडे मिठाविषयी आस्था बाळगणाऱ्या लेखकांनी ही बाजू डोळ्यांआड करू नये.

याच पुड्यांवर छापलेल्या एका नावाने अलीकडे पुष्कळांची झोप उडविली आहे. ते नाव पोटॅशियम फेरोसायनाइड. नावातील सायनाइडमुळे भीती वाटते. वास्तविक त्यातील सायनाइड लोहाशी अत्यंत घट्ट बांधलेले असते, आणि स्वयंपाकाच्या उष्णतेने ते सुटत नाही. त्याचे कामही कार्बोनेटाहून निराळे आहे. ते स्फटिकाच्या पृष्ठभागावर बसून त्याची वाढ बिघडविते, त्यामुळे सांध्यात होणारा पूल भरीव न होता काटेरी व ठिसूळ होतो आणि बोटाच्या दाबाने मोडतो. आपल्या नियमांनी त्याची मर्यादा किलोस १० मिलिग्रॅम ठेवली. रोज दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटात त्यामुळे एक दशांश मिलिग्रॅम जाईल. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने दर किलो देहभारास ०.०२५ मिलिग्रॅम हे रोजचे प्रमाण निर्धोक ठरविले आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसास दीड मिलिग्रॅम. तेव्हा भय बाळगायचेच असेल तर ते दहा ग्रॅम मिठाचे बाळगणे अधिक युक्त होईल.

खरी अडचण दुसरीच आहे. अन्नात परके द्रव्य घालणे केव्हा उपाय आणि केव्हा भेसळ, हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याने लवणाध्यक्षाच्या प्रकरणात निकस, भेसळीचे मीठ विकणाऱ्यास उत्तम साहसाचा म्हणजे सर्वांत मोठा दंड सांगितला आहे. पाँपेई ज्या उद्रेकात गाडले गेले त्यातच मरण पावलेला प्लिनी, लांब पिंपळीत अलेक्झांड्रियाची मोहरी मिसळतात अशी तक्रार करून गेला आहे. दख्खनचा माल पश्चिमेस जात होता त्या काळातील ही तक्रार आहे. स्वतंत्र भारतात १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आणि १९५५ चे नियम आले. पुढील दुरुस्त्यांसह त्या नियमांनी खाण्याचे बारीक मीठ, कांद्याची पूड, लसणाची पूड, फळांची पूड व सूपची पूड यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे कार्बोनेट व फॉस्फेट, निरनिराळी सिलिकेटे, सिलिकॉन डायॉक्साइड इत्यादी गुठळीरोधक द्रव्ये एकूण २ टक्क्यांपर्यंत मान्य केली. कांदा व लसूण या यादीत का आले ते सहज कळते. त्यांच्यातील साखर ओल लागताच मऊ पडून गुळासारखी चिकटते, आणि तेथे तेलाचा हात पुरत नाही.

कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू. मिठात खडू मिसळणे ही भेसळ, आणि ती ओळखण्याची शाळेत शिकविली जाणारी रीत अशी की मीठ पाण्यात विरघळवावे. पाणी पांढुरके झाले तर खडू आहे. परंतु नियमाप्रमाणे कार्बोनेट घातलेले निर्दोष मीठही पाणी पांढुरके करतेच. येथे भेद द्रव्याचा नाही. तो प्रमाणाचा, शुद्धतेचा आणि वेष्टनावर नाव छापण्याचा आहे.

तिखटाच्या बाबतीत हा भेद आणखी सूक्ष्म झाला. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार मराठवाड्याबाहेरही ठाऊक आहे; मिरची हे या भागाचे नगदी पीक. मिरचीपुडीच्या मानकात नियमकारांनी खाद्य तेल २ टक्क्यांपर्यंत, त्याचे नाव व प्रमाण वेष्टनावर सांगून, घालू दिले, आणि खनिज तेल वर्ज्य केले. घरातला तेलाचा हात अशा रीतीने कायद्यात आला. त्याच मानकात सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात न विरघळणारी राख १.३ टक्क्यांहून अधिक नसावी, असेही म्हटले आहे. हे कलम विटेची भुकटी, माती व वाळू पकडण्यासाठी आहे. पुडीचा नमुना जाळतात, राख अम्लात टाकतात, आणि मुशीत जे उरते ते तोलतात. वाळू म्हणजे मुख्यतः सिलिकॉन डायॉक्साइड. मिठात किंवा लसणाच्या पुडीत जे द्रव्य गुठळीरोधक म्हणून २ टक्के चालते, तेच तितक्या प्रमाणात तिखटात घातले तर एकट्या त्यानेच ही मर्यादा ओलांडली जाईल, आणि शेतातल्या धुळीचा वाटा त्यात वेगळा पडेल. कारखान्यातील स्वच्छ सिलिका आणि खळ्यावरची वाळू यांची राख तराजूत सारखीच उतरते.